होडीच्या पोटातलं अस्तर

शीकाकूंच्या हातात पाण्याचा पेला दिला, की त्या आधी तो उजेडाकडे धरायच्या. मग काठावरून बोट फिरवायच्या, मग त्या बोटाचा वास घ्यायच्या. एवढं होईपर्यंत तहान बिचारी कंटाळून निघून गेलेली असायची. बसमध्ये सीट रिकामी असली तरी त्या उभ्यानेच जायच्या. "बसा की काकू," असं कुणी म्हटलं, तर म्हणायच्या, "शी! माझ्या आधी इथे कोण बसलं होतं, माहिती आहे का तुम्हाला?" दातांच्या डॉक्टरकडे गेल्या तेव्हा त्यांनी आधी डॉक्टरलाच आ करायला लावला होता म्हणे. "ज्याला स्वतःचे दात सांभाळता येत नाहीत, त्याचा हात मी माझ्या तोंडात का घालू देऊ?" शेजारणीचं बाळ बघायला गेल्या, तर उंबऱ्यावरूनच म्हणाल्या, "गोड आहे हो. पण फार गळतं."

वाक्यागणिक 'शी' म्हणून म्हणून गल्लीने त्यांना शीकाकू करून टाकलं. खरं नाव आठवायला त्यांच्या नवऱ्यालाही डोकं खाजवावं लागे, आणि तो डोकं खाजवायला लागला की काकू म्हणत, "आधी हात धुवा."

आता नशिबाची गंमत बघा. जिला धुतलेल्या ताटाचीही खात्री वाटत नाही, ती सून म्हणून जाऊन पडली कुठे? तर जुन्या सीटांना नवी कव्हरं चढवणाऱ्या दुकानात. कोच, खुर्च्या, मोटारींच्या सीटा, दवाखान्यातली बाकं, असं जे जे म्हणून माणसाच्या बुडाखाली वर्षानुवर्षं चेपलं जातं, ते सगळं या दुकानात यायचं. सीट आणि पाठ यांच्यामधल्या फटीत हात घातला, की काय नाही निघायचं? केसांसकट कंगवे निघायचे, कुणाची कापलेली नखं निघायची, अर्धी चोखून चिकटलेली गोळी निघायची. एकदा दातांची अख्खी कवळी निघाली. ती काकांनी दुकानाच्या खिडकीत मालकाची वाट बघत हसत ठेवली होती. आणि एकदा उंदीर निघाला. इस्त्री करून घडी घातल्यासारखा चपटा. त्या दिवसापासून काकूंनी फटीत हात घालणं सोडलं. त्या मशीनवर बसायच्या आणि फक्त नवं कापड शिवायच्या. पण शिवायच्या असं, की टाका बघून वाटावं मुंग्यांनी शिस्तीत रांग लावली आहे.

दुकान काकूंच्या सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी काढलेलं. आबांचा एक नियम होता आणि तो दगडावरची रेघ होता: जुनं काढायचं नाही, वरून नवं चढवायचं. फाटलं असेल त्यावर गोणपाट ठोका, खड्डा पडला असेल तिथे फोम कोंबा, आणि वरून नवं रेक्झिन ताणून खिळे मारा. "झाकली मूठ सव्वा लाखाची," आबा म्हणायचे. "खालचं उघडलं की गिऱ्हाईक घाबरतं. शिवाय जेवढे थर, तेवढी गादी मऊ."

मऊ व्हायची, खोटं नाही. पण उंचही व्हायची. नाक्यावरच्या न्हाव्याची खुर्ची या दुकानातून इतक्यांदा जाऊन आली होती, की शेवटी गिऱ्हाईक शिडी चढल्यासारखं वर चढून बसे आणि न्हावी स्टुलावर उभा राहून दाढी करी. तरी न्हावी खूश होता. म्हणायचा, "लोकांना वाटतं आपण सिंहासनावर बसलोय."

काकूंना मात्र त्या थरांचं चित्र डोळ्यांसमोरून हलायचं नाही. वरचं मखमल त्यांनी शिवलेलं. त्याखाली कुणाच्या तरी घामाने करपलेलं रेक्झिन, त्याखाली सांडलेला चहा प्यायलेला फोम, आणि त्याच्याही खाली देव जाणे काय. लग्न होऊन नव्या आल्या होत्या तेव्हा त्यांनी एकदा ब्लेड घेऊन एका कोचाचं जुनं कापड फाडायला घेतलं होतं. आबांनी ब्लेड हातातून काढून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "सूनबाई, दुसऱ्याच्या पोटात डोकावू नये."

काकू गप्प बसल्या. म्हणजे तोंडाने 'शी' चालू राहिली, पण हाताने कधी काही फाडलं नाही. अशी वर्षं गेली. त्या शी म्हणायच्या आणि घर ऐकायचं नाही. पंख्याच्या घरघरीची सवय होते ना, तशी सगळ्यांना त्यांच्या शीची सवय झाली.

काकूंना एकच मुलगी, चिमणी. नावाप्रमाणे चिवचिवाट करणारी, आणि आईच्या सोवळ्याचा मनापासून कंटाळा आलेली. तिने नवरा केला तो छापखान्यात काम करणारा, बोटांना कायम शाई लागलेला. "शी, त्याची बोटं बघितलीस का?" काकू म्हणाल्या होत्या. "शाई आहे आई, पाप नव्हे," चिमणी म्हणाली होती. पण या जावईबापूंना लहानपणापासून वेड होतं शिडाच्या होडीचं. दुसऱ्यांच्या होड्यांवर दोऱ्या ओढून ओढून त्याने विद्या मिळवली, आणि शेवटी स्वतःची एक जुनी, छोटी होडी घेतली. एक डोलकाठी, एक मोठं शीड, एक धाकटं, आणि पुढच्या अंगाला दोघं वाकून शिरतील आणि पाय दुमडून झोपतील एवढी खोली. दोघांनी सुट्टी मंजूर करून घेतली होती. वारा फिरला, की किनाऱ्याकिनाऱ्याने मुक्काम करत जायचं ठरलं होतं.

होडी बाहेरून ठीक होती. आतलं अस्तर मात्र विटलं होतं, लोंबत होतं, आणि लाकडाच्या पट्ट्या कडेने उखडल्या होत्या. मग काय, घरचंच दुकान! चिमणीने निळ्या-पांढऱ्या रेघांचं कापड निवडलं आणि सगळी मंडळी धक्क्यावर होडी बघायला गेली.

आबा होडी बघताच लहान मुलासारखे टाळ्या पिटायला लागले. "अरे, ही तर आपली होडी! हिचा पहिला मालक माझ्याकडे आला होता. पहिलं कव्हर मी चढवलं. मग दुसरंही मीच. तिसरं तू चढवलंस की रे!"

काकांनी डोकं आत घालून बघितलं. "हो की! हे पिवळं रेक्झिन माझंच. बघा, अजून टिकलंय."

"टिकलंय?" मागून काकू म्हणाल्या. त्या खोलीच्या तोंडाशी उभ्या होत्या आणि नाकाला रुमाल लावूनही त्यांचे डोळे पाणावले होते. "अहो, आत काहीतरी मेलंय!"

वास होताच तसा. ओली चादर पेटीत घालून विसरून जावी आणि वर्षाने पेटी उघडावी, तसा कुबट. त्यात गंजाचा आंबूसपणा आणि त्यात अजून एक गोडसर काहीतरी, सडलेल्या फळासारखं. पिवळ्या रेक्झिनवर मांजराच्या अंगासारखे काळे ठिपके पडले होते. एका कोपऱ्यात ते पोट सुटल्यासारखं फुगलं होतं. काकूंनी छत्रीच्या टोकाने तो फुगा दाबला. आतून 'पिचिक' असा आवाज झाला आणि शिवणीतून तपकिरी पाण्याचा ओघळ खाली आला.

"शी! शी! शी! काढा हे सगळं, आधी काढा!"

"बंद जागेत थोडा वास यायचाच," काका टेप लावून मापं घेत म्हणाले. "नवं कापड चढलं की जाईल."

"वास कापडाचा नाही, खालचा आहे."

"आई," चिमणी म्हणाली, "तुला नव्या कोऱ्या हॉटेलातल्या टॉवेललाही वास आला होता."

सगळे हसले. जावईबापूही हसले, अदबीने, तोंडावर हात धरून. आणि आबांनी वरून शिक्का मारला, "जुनं काढायचं नाही. माझे खिळे आहेत त्यात."

घरी येऊन काकू मशीनवर बसल्या. कापड सुंदर होतं, सुई सुरळीत चालत होती, पण हात मध्येच थांबायचा. या रेघांच्या मागे काय असणार आहे, हे त्यांना ठाऊक होतं. फुगा होता त्या कोपऱ्याला टेकूनच बाक होता. तिथेच चिमणी डोकं ठेवून झोपणार होती. तिचं नाक त्या भिंतीपासून वीतभर. आजवर लोकांच्या घाणीवर मखमल शिवलं, ते शिवलं. लोक जाणोत आणि त्यांची बुडं जाणोत. पण इथे पोटची पोर होती. काकूंनी मशीनवरून पाय उचलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, काका कापड आणि फोम टेम्पोत भरत होते तेवढ्यात, त्या "जरा पुढे होते" म्हणून निघाल्या. पिशवीत पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर, गोणी शिवायचं मोठं दाभण, बादली आणि हातमोजे. नाकावर दोन रुमाल, एकावर एक. होडीत उतरताना त्यांनी डोळे मिटून घेतले, जसं कडू औषध घेताना मिटतात.

आधी लाकडी पट्ट्या. स्क्रूंची डोकी गंजून फिरेनाशी झाली होती; पक्कड लावून पिळले की लाकडासकट निघून यायचे. मग पिवळं रेक्झिन. एक कोपरा सुटला आणि त्यांनी ओढलं, तर ते कातडी सोलल्यासारखं चरचरत आलं. त्याच्या पाठीचा फोम आता फोम राहिलाच नव्हता. त्याची चिकट तपकिरी भुकटी झाली होती. ती हातमोज्याला लागली, बाहीला लागली, केसांत उडाली, आणि झटकली तर आणखी पसरली. खाली आबांचं हिरवं रेक्झिन. त्यावर कुठल्या तरी किड्यांनी वसाहत केलेली. उजेड पडताच शेकडो पाय एकदम पळाले. त्याखाली आबांचंच पहिलं अस्तर, एके काळी पांढरं असेल, आता शेवाळलेल्या खरकट्यासारखं. तिन्ही थरांतून खिळे आरपार ठोकलेले आणि प्रत्येक खिळ्याभोवती गंजाचं लाल वर्तुळ.

दोनदा त्या वर आल्या, होडीच्या काठावरून वाकल्या आणि सकाळचा चहा पाण्याला परत केला. तोंड पुसून पुन्हा खाली गेल्या. नवऱ्याच्या आणि सासऱ्याच्या हातचं काम त्या असं पहिल्यांदाच आतून बघत होत्या, आणि त्यांना किळस आता किड्यांची येईनाशी झाली होती. ती त्या खिळ्यांची यायला लागली. किडे बिचारे ओल मिळाली म्हणून आले होते. झाकणारे मात्र डोळे उघडे ठेवून झाकून गेले होते.

शेवटचा थर निघाला आणि मागचं लाकूड दिसलं. खोलीची आडवी भिंत. तिच्यावर एक लोखंडी पट्टी होती. छताच्या फटीतून वरून आत आलेली, भिंतीला बोल्टांनी आवळलेली. फटीतून थेंब थेंब पाणी पट्टीवरून उतरत होतं आणि लाकूड ते पीत होतं. लाकूड काळं होतं. काकूंनी दाभण टेकवलं. जोर लावायला गेल्या, तर लावायची वेळच आली नाही. दाभण आपलं आपण आत गेलं, चहात बुडवलेल्या पावात जावं तसं, थेट मुठीपर्यंत.

तेवढ्यात धक्क्यावर आवाज झाले. मंडळी आली. आबांना खुर्ची टाकून धक्क्यावर बसवलं होतं, काका कापडाची गुंडाळी खांद्यावर घेऊन होडीत उतरले आणि दारात थिजले.

"अगं, हे काय करून ठेवलंस?"

"मी नाही केलेलं. तुम्ही केलेलं. मी फक्त उघडलं."

चिमणीने आत डोकावून कपाळावर हात मारला. "आई! आता हे सगळं आवरायचं कधी? सुट्टी सुरू झाली आमची!"

काकूंनी दाभणाकडे बोट दाखवलं. "ही पट्टी कसली आहे, जावईबापू?"

जावयाने वाकून बघितलं. "डोलकाठीला दोन्ही बाजूंनी तारा आहेत ना आई, त्यातली एक तार हिला बांधलेली आहे. वारा भरला की डोलकाठी या तारांवर उभी राहते." बोलता बोलता त्याचा आवाज जरा बारीक झाला. "लाकूड… जरा मऊ झालंय वाटतं."

"जुनं लाकूड वरवर मऊ होतंच," काका म्हणाले. त्यांना घाम फुटला होता, पण दुकानाची इज्जत मोठी. "असं करू. वरून एक चांगली फळी ठोकू. त्यावर फोम, त्यावर कापड. कुणाच्या बापाला कळणार नाही."

"वाऱ्याला कळेल," काकू म्हणाल्या. "कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही."

वरून आबांचा आवाज आला, "काय झालं रे? सूनबाईंनी माझं हिरवं फाडलं का?"

"फळीने भागेल ना गं?" काकांनी लेकीकडे बघितलं. चिमणीने नवऱ्याकडे बघितलं. जावयाने पायाकडे बघितलं. तो भला माणूस, पण सासऱ्याला तोंडावर नाही म्हणायची त्याची प्राज्ञा नव्हती. वर वारा मस्त सुटला होता, दोऱ्या डोलकाठीवर टकटक वाजत होत्या, जसं कुणी घाई करतंय.

"बाबा म्हणतायत तर करू या," चिमणी म्हणाली. "आई, तुझं नेहमीचंच आहे. तुला सगळ्यातच काहीतरी दिसतं. मागे माझ्या लग्नाच्या केकमध्येही केस दिसला होता तुला, आणि तो निघाला साखरेचा धागा."

हे मात्र काकूंना लागलं. कारण खरं होतं. आयुष्यभर ज्याला त्याला शी म्हटलं. पेल्याला म्हटलं, बाळाला म्हटलं, केकला म्हटलं. आज ज्याला खरंच शी म्हणायला हवं होतं ते समोर होतं, आणि त्यांच्या शीला कवडीचीही किंमत उरली नव्हती. आणखी ओरडून काय होणार?

मग त्या खाली बसल्या.

खाली म्हणजे बाकावर. त्या तपकिरी भुकटीत, त्या ओल्या, पाय फुटलेल्या चिंध्यांवर, ज्या बाकाला काठीनेही शिवू नये अशा बाकावर. बसच्या सीटवर न बसणारी बाई तिथे मांडी घालून बसली. हातमोजे काढले आणि दोन्ही उघडे हात मांडीवर ठेवले. एक किडा त्यांच्या मनगटावर चढला आणि कोपराकडे निघाला. त्यांच्या अंगावर मानेपासून टाचेपर्यंत काटा आला होता, ओठ पांढरे पडले होते, पण त्यांनी किडा झटकला नाही.

"हे लाकूड कापून नवं बसल्याशिवाय मी इथून उठणार नाही," त्या म्हणाल्या. "यावर कापड चढवायचं असेल, तर माझ्यासकट चढवा."

चिमणी त्या किड्याकडे बघत राहिली. लहानपणापासून तिने आईला पळताना बघितलं होतं, झटकताना बघितलं होतं, खुर्चीवर चढून किंचाळताना बघितलं होतं. बसलेलं कधीच बघितलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गळून पडलं.

"वर जा," ती नवऱ्याला म्हणाली, "आणि ती तार ओढ. जोरात."

जावईबापू वर गेले. तारेला लोंबकळून त्यांनी अंगचा भार टाकला. खाली लोखंडी पट्टी हलली. बोल्ट लाकडात असे डुलले, जसे पडायला आलेले दात हिरडीत डुलतात, आणि प्रत्येकाच्या भोवतीने काळं पाणी बुडबुडत बाहेर आलं. पुन्हा तार ओढली. पट्टी आणखी सरकली. काकांच्या खांद्यावरची कापडाची गुंडाळी घसरून खाली पडली, थेट त्या घाणीत, आणि ती उचलायचं कुणाला सुचलं नाही.

"थांब!" चिमणी ओरडली. "थांब, पुरे!"

जावईबापू खाली आले तेव्हा त्यांचा चेहरा कागदासारखा झाला होता. "समुद्रात गेलो असतो तर…" एवढंच म्हणाले.

"मला खाली घ्या," वरून आबा म्हणाले. दोघांनी धरून त्यांना उतरवलं. म्हातारा दारात टेकला. आधी त्याने सुनेकडे बघितलं, ती कशात बसली आहे ते बघितलं. मग भिंतीशी सरकून काळ्या लाकडावर अंगठा दाबला. अंगठा नखापर्यंत आत गेला. आबांनी तो बाहेर काढून नाकाशी नेला आणि त्यांचं तोंड असं वाकडं झालं, की क्षणभर वाटलं आता हेही काठावर जाऊन वाकणार.

"पक्कड द्या," ते म्हणाले.

आणि त्यांनी खिळे उपटायला सुरुवात केली. एकेक खिळा काढत आणि शिव्या देत. "हे बघा! याला खिळा म्हणायचं? नुसता गंज! हल्लीचे खिळे पूर्वीसारखे राहिलेच नाहीत."

"आबा," काकू बाकावरून म्हणाल्या, "हे पूर्वीचेच आहेत."

"तेच म्हणतोय मी. पूर्वीचेही राहिले नाहीत." आणि म्हाताऱ्याने पुढच्या खिळ्याला पक्कड लावली.

काकाही मग निमूटपणे बादली घेऊन बसले. आपलंच पिवळं रेक्झिन त्यांनी आपल्या हाताने भरलं, आणि भरता भरता तिसऱ्या बादलीला त्यांचा धीर सुटला. धावत काठाशी गेले. काकूंनी पाठीवर हात फिरवला. "होतं असं," त्या म्हणाल्या. "पहिल्यांदा जड जातं." लाकूड कापायचं ठरलं, तेव्हा त्या बाकावरून उठल्या होत्या, आणि एका कामगाराने बंदरातल्या नळाचा पाइप आणून दिला, तो सरळ डोक्यावर धरून कपड्यांसकट न्हाल्या. धक्क्यावरचे सगळे बघत होते. बघू देत.

सडलेलं लाकूड कापायला गेलं तर भिंतीचा मोठा तुकडा हातात आला. दुसऱ्या बाजूची पट्टी उघडली. तिथे लाकूड बरं होतं, पण ओल लागायला सुरुवात झाली होती. जावईबापूंनी पाण्यात टिकणारं नवं प्लायवूड बसवलं, नवे जाड बोल्ट आवळले, आणि छतातली ती फट भरून पुन्हा पुन्हा पाणी ओतून बघितलं. सुट्टीचा बराचसा भाग त्यातच गेला. चिमणी दिवसभर पॉलिश पेपर घासायची आणि संध्याकाळी त्याच हातांनी जेवायला बसायची. "हात," काकू म्हणायच्या. आता चिमणी धुवायची, वाद न घालता.

राहिलं अस्तर. काकूंनी घाणीत पडलेलं कापड फेकून दिलं आणि नवं आणलं. पण या वेळी खिळे नाहीत. त्यांनी भिंतीच्या मापाच्या सुट्या झडपा शिवल्या, वरून दांडीला अडकवलेल्या आणि कडेने बटणं लावलेल्या. बटण सोडलं, झडप उचलली, की लाकूड, पट्टी, बोल्ट, सगळं डोळ्यांसमोर. धुवायची असेल तर झडप काढून धुता येईल.

आबा बघायला आले. झडप वर केली, खाली सोडली. बटण लावलं, काढलं. त्यांच्या मिशीला तिटकारा आवरेना.

"बटणं! होडीला बटणं! सदरा आहे का हा?"

"सदरा निदान धुतात, आबा."

"कारागिरीची शोभा गेली. काढता येतं ते कव्हर कसलं?" पण असं म्हणत त्यांनी ते बटण पुन्हा एकदा सोडून आत बघितलं.

उरलेल्या सुट्टीत जेवढं जाता येईल तेवढं जाऊ, म्हणून एका सकाळी दोघं निघाली. वारा कडक होता. शीड भरलं, होडी एका अंगाला कलली, आणि वाऱ्याकडची तार अशी ताठ झाली की तिच्यातून गुणगुणल्यासारखा आवाज यायला लागला. धक्क्यावर उभ्या राहिलेल्या काकू शिडाकडे बघत नव्हत्या, लेकीकडेही नव्हत्या. त्या फक्त त्या तारेचं खालचं टोक बघत होत्या, होडी टोकाला वळून दिसेनाशी होईपर्यंत.

मग दिवसभर दुकानात कुणाचं मन लागेना. न्हाव्याने खुर्ची पाठवली होती, ती तशीच पडली. काका टाचण्या एका डबीतून दुसऱ्या डबीत ओतत होते. आबा झोपल्याचं सोंग करत होते. सूर्य कलल्यावर फोन वाजला आणि तिघंही एकदम उठली. काकूंनी आधी पोहोचून उचलला.

"आई, पोचलो आम्ही! काय वारा होता, माहितीये—"

"ते सोड. बघितलंस?"

"बघितलं. कोरडं आहे."

"नुसतं बघितलंस, की हात लावलास?"

"हात लावला आई. अगदी बोटांनी. बोल्टही हलवून बघितले. खडखडीत कोरडं."

"कोरडं आहे म्हणते," काकूंनी वळून सांगितलं. काका मटकन खुर्चीत बसले. आबा मात्र उभेच होते. त्यांनी काकूंच्या दंडाला बोट लावलं.

"दुसऱ्या बाजूचं?" ते म्हणाले. "तिला म्हणावं, तिकडची झडप उचल आणि नीट बघ. तिथेही माझे खिळे होते."

काकूंनी तसं सांगितलं. पलीकडे पावलं वाजली, बटणं सुटल्याचा आवाज आला, मग काही वेळ नुसतंच पाणी लागत होतं होडीला, चुबुक, चुबुक.

"तेही कोरडं," चिमणी म्हणाली. "आता झोपू का? अंग मोडून आलंय."

"झोप," काकू म्हणाल्या. "भिंतीकडे तोंड केलंस तरी चालेल. पण आधी उशीखाली स्वच्छ कापड घाल."